आधी हो, मग उत्तर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. छोटीला आजवर कुणी शहाणी म्हटलेलंच नव्हतं, त्यामुळे ती म्हण तिला लागू नव्हती. ती पायरी चढली आणि तिच्या मागोमाग खुर्चीवाल्या बाई चढल्या. बाईंचं तर पोटच त्या पायऱ्यांवर होतं.

खुर्चीवाल्या बाई हे नाव शिपायांनी पाडलेलं. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'साक्षीदार साहाय्यक' असं भारदस्त काहीतरी छापलेलं होतं, पण ते वाचतो कोण? बाई कोर्टाच्या खोलीत पाऊल टाकायच्या आणि पहिली मागणी करायच्या ती खुर्चीची. साक्षीदार म्हातारा असो, भेदरलेलं बाईमाणूस असो, नाहीतर छोटीसारखी 'अर्धवट' म्हणून हिणवलेली असो, बाईंच्या माणसाने पिंजऱ्यात उभं राहायचं नाही, बसून बोलायचं. सतरा वर्षं हा हट्ट चालला होता. बाई दारात दिसल्या की शिपाई एकमेकांना म्हणायचे, "आल्या बघा. चला, फर्निचर हलवा."

बाईंच्या साक्षीदार साहाय्य कक्षाने दिलेल्या नियमांच्या पुस्तिकेत दोन नियम ठळक अक्षरांत होते. साक्षीदाराशी खटल्यातल्या घटनेबद्दल बोलायचं नाही, हा एक. कोर्ट चालू असताना तोंड उघडायचं नाही, हा दुसरा. राहिलं काय? पाणी पाजणं, रुमाल देणं आणि कोर्टात वागायची रीत शिकवणं. पण माणसाला तेवढ्यातही अभिमान धरता येतो, आणि बाईंनी तो चांगला घट्ट धरला होता.

छोटी त्रेचाळीस वर्षांची होती. तिच्यासारख्यांना सांभाळणाऱ्या संस्थेत आली तेव्हा सगळ्यांत लहान, म्हणून छोटी. पुढे केस पिकायला लागले तरी छोटीच. संस्थेच्या धुलाईखोलीत चादरींना इस्त्री करायचं काम तिच्याकडे होतं, आणि ते ती मन लावून करायची. एक दिवस एक चादर करपली. संस्थेच्या अधीक्षिका, म्हणजे मोठ्या मॅडम, धुलाईखोलीत आल्या. त्यांनी छोटीचं मनगट धरलं आणि तीच इस्त्री तिच्या हातावर टेकवून दाबली. छोटीच्या म्हणण्याप्रमाणे मॅडम तेव्हा ओरडल्याही नव्हत्या. "आता कळलं, चादरीला कसं वाटतं ते?" एवढंच म्हणाल्या होत्या.

स्वयंपाकीणबाई दारातच होती. तिने सगळं पाहिलं, तिनेच छोटीला दवाखान्यात नेलं, आणि आठ दिवसांनी जबाब द्यायची वेळ आली तेव्हा तिनेच "मी तिथं नव्हते" असं लिहून दिलं. नोकरी सगळ्यांनाच हवी असते. राहता राहिली छोटी. खटला तिच्या एकटीच्या शब्दावर उभा होता.

निकाल लागेपर्यंत मॅडमना कामावरून दूर केलं होतं आणि छोटीला तिच्या दादाकडे ठेवलं होतं. दादाचं घर दोन खोल्यांचं. वहिनीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "निकालापर्यंत. त्यापुढे एक दिवस नाही." दुसऱ्या कुठल्या संस्थेत जागा नव्हती, बाईंनी तीन ठिकाणी अर्ज दिले होते, तिन्हीकडून तेच उत्तर. म्हणजे छोटी परत जाणार ती त्याच संस्थेत, त्याच धुलाईखोलीत. प्रश्न एवढाच होता, की ती जाईल तेव्हा मॅडम तिथे असतील की नसतील.

छोटीला हे चांगलं कळलं होतं. "मी नीट बोलले की मॅडम जाणार," ती दादाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही सांगायची.

नीट बोलायचं कसं, हे बाईंनी तिला शिकवलं.

ही रीत पुस्तिकेत नव्हती, ती बाईंची स्वतःची होती. फार पूर्वी त्यांच्या एका म्हाताऱ्या साक्षीदाराने घाबरून प्रश्न पुरता ऐकायच्या आत उत्तरं दिली होती आणि स्वतःच्याच केसची माती केली होती. तेव्हापासून बाई सावकाश डोक्याच्या माणसांना एक पायरी जास्तीची शिकवायच्या. प्रश्न पूर्ण ऐकायचा. कळला की 'हो' म्हणायचं. मग एक श्वास घ्यायचा. मग उत्तर द्यायचं. आधी हो, मग उत्तर. आणि दुसरं कुणी बोलत असेल तर आपण मध्ये बोलायचं नाही, त्याचं संपेपर्यंत थांबायचं. कक्षाच्या एका शिबिरात बाईंनी ही रीत सांगितली होती तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दादाच्या घरी सहा दुपारी दोघींची तालीम चालली. घटनेबद्दल चकार शब्द नाही. बाई नियमाच्या पक्क्या.

"या भिंतीला हिरवा रंग आहे?"

"हो," छोटी म्हणायची. मोठा श्वास घ्यायची. "नाही. पिवळा आहे."

"वा! आणि मी आज चालत आले?"

"हो. ... नाही. तुम्ही रिक्षाने आलात. मी खिडकीतनं बघितलं."

वहिनी मात्र कावली होती. "अहो ताई, हिला जेवलीस का विचारावं तर हो म्हणते. मी ताट आवरते, आणि मग म्हणते, नाही जेवले. हे काय नवीन खूळ?"

बाई हसल्या होत्या. वहिनीच्या या तक्रारीत सगळं भविष्य होतं, पण सतरा वर्षांच्या अनुभवाला घरच्या बाईचं ऐकायची सवय नसते.

साक्षीच्या दिवशी छोटी केसांना तेल लावून, लांब बाह्यांचा झगा घालून आली. खुर्ची मिळाली. सरकारी वकिलांच्या हातात त्या सकाळी पाच फायली होत्या आणि छोटीची त्यात मधली. तरी त्यांनी प्रश्न बरे विचारले.

"हाताला काय झालंय, दाखव बरं."

"हो." श्वास. "हे." छोटीने बाही वर केली. कोपराखाली इस्त्रीच्या टोकाचा आकार जसाच्या तसा उमटला होता, गुळगुळीत आणि लालसर. खोलीतली कुजबूज थांबली.

"कुणी केलं हे?"

"हो. ... मॅडमनी. माझा हात धरला आणि दाबला. चादर करपली म्हणून."

मागच्या बाकावर बसलेल्या बाईंना वाटलं, जिंकलो. लेक बोर्डात आल्यावर आईला वाटावं तसं त्यांना वाटलं. मॅडम पलीकडच्या बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांची मान खाली गेली.

मग मॅडमचे वकील उठले. कोर्टात त्यांना साखरवकील म्हणत. आवाज कधी चढवायचे नाहीत, साक्षीदाराला घाबरवायचे नाहीत, आणि म्हणूनच बाकीचे वकील त्यांना घाबरायचे.

"छोटी म्हणू ना मी तुला?"

"हो. ... म्हणा."

"आज नाश्ता करून आलीस?"

"हो." श्वास. "नाही. भूक नव्हती."

साखरवकील थांबले. त्यांनी छोटीकडे पाहिलं, मग टंकलेखकाकडे पाहिलं, आणि गोड हसले. त्या 'हो' आणि त्या उत्तराच्या मधली फट त्यांना दिसली होती. ज्या रीतीचं बाईंना इतकं कौतुक, तिच्यातलं भोक त्या माणसाला दोन प्रश्नांत सापडलं.

"इस्त्री तू स्वतः तापवली होतीस?"

"हो..."

"फार तापली होती, त्यामुळेच चादर करपली?"

"हो..."

"आणि घाबरून ती तुझ्याच हातून सटकली?"

"हो." छोटीने श्वास घेतला, तोंड उघडलं.

"सटकली ती तुझ्याच हातावर पडली?"

छोटीने तोंड मिटलं. दुसरं कुणी बोलत असताना आपण बोलायचं नसतं. तिने प्रश्न पूर्ण ऐकला. "हो."

"मॅडम तेव्हा खोलीत नव्हत्याच, बरोबर?"

"हो."

"मॅडमनी चटका दिला, हे तुला नंतर कुणीतरी सांगितलं, बरोबर?"

"हो."

प्रश्नाला प्रश्न चिकटून येत होता. टंकलेखकाची बोटं थांबत नव्हती. कोर्टाच्या भाषेत त्याचं होत होतं असं: हे म्हणणे खरे आहे की इस्त्री माझ्या हातून सटकली. हे म्हणणे खरे आहे की घटनेवेळी अधीक्षिका खोलीत नव्हत्या. सरकारी वकील पुढच्या केसची फाईल चाळत होते. न्यायाधीश भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आणि छोटी दर वेळी उत्तर तोंडात घेऊन, शहाण्या मुलीसारखी समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघत होती.

बाई उभ्या राहिल्या. आपण उभ्या राहिलो आहोत, हे त्यांना उभं राहिल्यावर कळलं.

"काय आहे?" न्यायाधीश म्हणाले.

"साहेब, ती..."

"तुम्हाला बोलायची मुभा नाही. नियम माहीत आहे ना? बसा."

बाई बसल्या.

मधल्या सुट्टीत त्यांनी सरकारी वकिलांना जिन्यात गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं. तिचा 'हो' म्हणजे होकार नाही, 'कळलं' आहे. मी शिकवलंय तसं. उत्तर नंतर येतं, त्यांनी ते येऊच दिलं नाही.

वकिलांनी कपाळाला हात लावला. "बाई, हे मला सांगितलंत ते सांगितलंत. आता गिळून टाका."

"पण साहेबांना सांगितलं तर..."

"काय सांगणार? साक्षीदाराला काय म्हणायचं ते मी घरी जाऊन सहा दिवस शिकवलं, असं? पढवलेली साक्ष म्हणून अख्खी उडवतील. तिने सकाळी सांगितलेलं खरंही त्यात वाहून जाईल. तुमचं ओळखपत्र जाईल ते वेगळंच. गप्प बसा. मी फेरतपासणीत सावरून घेतो."

हे बोलणं शहाणपणाचं होतं, यात वादच नाही. पण त्यातलं कुठलं वाक्य बाईंना पटलं, साक्ष उडण्याचं की ओळखपत्र जाण्याचं, हे त्यांना त्या वेळी विचारलं असतं तर त्या खोटं बोलल्या असत्या. त्यांनी जिन्यातल्या नळावर तोंड धुतलं आणि जागेवर जाऊन बसल्या.

फेरतपासणीत वकिलांनी खरंच सावरून घेतलं. "चटका कसा बसला, तुझ्या शब्दांत सांग," म्हणाले आणि पुरते थांबले. छोटीने "हो" म्हटलं, श्वास घेतला आणि सगळं सांगितलं. मनगट, इस्त्री, चादरीला कसं वाटतं ते. तेच शब्द, तोच क्रम. बाईंच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात साखरवकील अर्धवट उठले. "साहेबांची परवानगी असेल तर एकच प्रश्न. साधा." ते छोटीकडे वळले. "सूर्य पश्चिमेला उगवतो, बरोबर ना छोटी?"

"हो," छोटी म्हणाली.

खोली हसली. शिपाई हसला, टंकलेखक हसला, पुढच्या केसची ताटकळलेली माणसं हसली, न्यायाधीशांनीसुद्धा ओठ दाबले. छोटी श्वास घेऊन तयार होती. 'नाही' तिच्या ओठांवर येऊन थांबलेलं बाईंना स्वच्छ दिसत होतं. पण लोक आवाज करत होते आणि दुसऱ्यांचं संपेपर्यंत थांबायचं असतं. ती थांबली. तिने बाईंकडे बघितलं, सगळे गप्प कधी होणार असं विचारल्यासारखं.

एक शब्द पुरला असता. 'थांबा' एवढा एक शब्द. तो बोलून ओळखपत्र गेलं असतं, कदाचित साक्षही गेली असती, पण तो शब्द होता आणि तो बाईंच्या तोंडात होता. त्यांनी मान खाली घातली आणि पिशवीत रुमाल शोधायला लागल्या.

"ठीक आहे," न्यायाधीश म्हणाले. "साक्ष संपली. पुढची केस."

बाहेर व्हरांड्यात छोटी खूश होती. "एकदाच राहिलं ताई. सूर्याचं. ते हसत बसले ना. पण बाकी सगळं मला कळलं. मी नीट बोलले ना?"

"नीट बोललीस," बाई म्हणाल्या. यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

दोन महिन्यांनी निकाल लागला. साक्षीदार विचारलेल्या प्रत्येक गोष्टीस होकार देते, तिच्या होकारावर विसंबता येत नाही, तसेच घटनेवेळी आरोपी हजर नव्हत्या हे तिने स्वतःच मान्य केले आहे, असं त्यात होतं. मॅडम निर्दोष सुटल्या आणि पुढच्या सोमवारी कामावर रुजू झाल्या.

सरकारी वकिलांनी बाईंना खोलीत बोलावून घेतलं. "अपील करता येईल. तीस दिवस आहेत. पण नुसतं अपील टिकणार नाही, तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. ही रीत मी शिकवली, हिच्या 'हो'चा अर्थ असा, हे तुम्ही लिहून द्यायचं. त्या वेळी कोर्टातच सांगितलं असतंत तर आज ही पाळी आली नसती."

बाई बघतच राहिल्या. "तुम्हीच म्हणालात, गप्प बसा."

"मी वकील आहे हो, मी म्हणणारच. तुम्ही ऐकायला नको होतं." ते काही चेष्टेने बोलले नव्हते. "देता का लिहून?"

"बघते," बाई म्हणाल्या. आपल्याकडे 'नाही' म्हणायचा हा सगळ्यांत सभ्य शब्द आहे.

छोटीला संस्थेत पोचवायचं काम बाईंवरच आलं. दादाला सुट्टी मिळत नव्हती, किंवा मागायची नव्हती. "तुम्ही इतकं केलंत, एवढं एक करा," तो दारात उभा राहून म्हणाला. वहिनीने छोटीच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवली होती, वर दोन नवे झगे. वाटेत छोटीने एकदाच विचारलं, मॅडम गेल्या का? बाईंनी रिक्षावाल्याला उजवीकडे घ्यायला सांगितलं.

संस्थेचं ऑफिस झाडून पुसून लख्ख होतं. टेबलामागे मॅडम बसल्या होत्या. छोटी दारातच खिळली.

"या या," मॅडम म्हणाल्या. "बसा. चाललेलं असतं हो. कोर्टकचेरीत कोण काय बोलेल, मी मनात ठेवत नाही." त्यांनी एक कागद बाईंच्या पुढे सरकवला. 'सदर व्यक्ती सुस्थितीत ताब्यात दिली' असं त्यावर छापलेलं होतं, खाली सहीची जागा. मग त्या छोटीकडे वळल्या. "काय छोटी? आता नीट राहशील ना आमच्याकडे?"

"हो," छोटी म्हणाली.

ऑफिसात शांतता होती. मॅडमना घाई नव्हती, त्या हसून बघत होत्या. मध्ये बोलणारं कुणी नव्हतं, हसणारं कुणी नव्हतं, पुढचा प्रश्न नव्हता. छोटीने पूर्ण श्वास घेतला.

"नाही," ती म्हणाली. "मला इथं राहायचं नाही. तुम्ही मला भाजलं. मला ताईंबरोबर जायचंय."

इतकी स्पष्ट, इतकी सरळ साक्ष बाईंनी सतरा वर्षांत ऐकली नव्हती. टंकलेखक तेवढा नव्हता. इथे न्यायाधीश नव्हते, ठळक अक्षरांतले नियम नव्हते, बसा म्हणणारं कुणी नव्हतं. बाईंनी कागद जवळ ओढला आणि सही केली. पेन उमटेना म्हणून मॅडमनी आपलं दिलं.

"ताई?" छोटी म्हणाली.

"मी येईन भेटायला," बाई म्हणाल्या आणि उठल्या. फाटकापर्यंत त्यांनी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर परत जावं लागलं असतं.

महिनाभर त्या कामात होत्या. कामाला तोटा नव्हताच, यादीत नऊ जण होते आणि प्रत्येकाला खुर्ची हवी होती. त्या स्वतःला तेच सांगायच्या: एकीसाठी ओळखपत्र घालवलं तर या नऊ जणांचं कोण? हिशेब चोख होता. कुणालाही पटला असता.

पुढची साक्षीदार एक निवृत्त शिवणकामवाली होती. पुतण्याने तिला घराबाहेर काढलं होतं. बाई तिच्या बहिणीच्या घरी तालमीला गेल्या. जाताना कक्षाच्या मुख्य साहेबांनी अडवून कौतुक केलं, बाईंनी रीत सुधारली म्हणे, नवी फार सोपी आहे, शिबिरात सांगा.

"प्रश्न पूर्ण ऐकायचा," बाई म्हणाल्या. "कळला तरी 'हो' म्हणायचं नाही. गप्प राहायचं आणि थेट उत्तर द्यायचं. आणि तुमचं उत्तर पुरं झालं नसेल तर ते कितीही बोलोत, हसोत, तुम्ही आपलं बोलतच राहायचं."

"लोक बोलत असताना मध्येच?" म्हातारीला ते रुचलं नाही. "आणि 'हो' का नाही म्हणायचं? साधा शब्द तर आहे."

बाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. निकालाला एकतीस दिवस झाले होते.

"तशीच पद्धत आहे," त्या म्हणाल्या.